माणसाच्या हातचं

साऱ्या नागपुरात देवाच्या एका अक्षरापायी माणसांची हजार अक्षरं फाडणारा माणूस एकच झाला, आणि तो आमच्या नशिबी साडभाऊ म्हणून आला. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. मी पुस्तकं बांधणारा. सदरात मिशनच्या छापखान्यामागं माझं दुकान. शाळा तिसरीत सुटली, पण माझ्या हातची शिवण कोणी उसवून दाखवावी. साडभाऊ त्याच मिशनची पुस्तकं पेटीत घालून बाजारात विकत. म्हणजे विकायला जात. गिऱ्हाइकानं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उचललं तर ठीक; गीतांचं, प्रश्नोत्तरांचं, कोणा साधूपुरुषाच्या चरित्राचं उचललं की हे हातातून काढून घेत. "ते कायले घेतं गा? मानसानं लिहिलं हाय ते. मानूस चुकते." एकदा कामठीच्या बाजारातून भरलेली पेटी तशीच डोक्यावर परत आणली आणि पाद्रीसाहेबांना छाती काढून म्हणाले, आज पाच जणांना वाचवलं!

मिशनच्या देवळातही तेच. प्रवचन सुरू झालं की हे बोटं मोजत: किती वाक्यं शास्त्रातली, किती साहेबांच्या पदरची. बाहेर आल्यावर हिशेब मोठ्यानं सांगत. शेवटी साहेब चिडून म्हणाले, "अहो, वचनांचे आकडेसुद्धा माणसांनीच मागाहून घातले आहेत, ठाऊक आहे?" झालं. साडभाऊंनी दौत-टाक घेतला आणि घरच्या शास्त्रातले आकडे खोडायला बसले. दीड महिना खोडत होते. मग एक दिवस दहा आज्ञा वाचायला म्हणून पुस्तक उघडलं, तर दुपार कलली तरी आज्ञा सापडेनात. माझी मेहुणी मिशनच्या शाळेत शिकलेली, कमी बोलणारी बाई. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आता ज्यानं त्या आज्ञा आनल्या त्या मोशेलेच बलावा. कवाचे शोधून राहिले!" त्या दिवशी दौत बंद झाली.

पण खोड गेली नाही. पुढं ते पुस्तक खिळखिळं झालं, तेव्हा माझ्याकडे घेऊन आले. नवी बांधणी कर, आणि आत देवाचं तेवढंच ठेव. प्रस्तावना काढ, नकाशे काढ, शब्दांची यादी काढ. जुन्या आणि नव्या कराराच्या मधे घरातले जन्म, लग्न, मृत्यू लिहायला एक पान असतं. ते मेहुणीनं भरलं होतं. दोन लेकरं झाली होती त्यांना. दोन्ही पलेगात गेली.

"हे काहून काढता साडभाऊ? राहू द्या."

"कोनं लिहिलं ते?"

"बाईनं."

"बाई का देवाची संदेष्टी हाय? काढ म्हनलं ना!"

काढलं. पुस्तकाच्या पाठीला आतून कागदाच्या पट्ट्या खळीनं चिकटवाव्या लागतात, नाहीतर पाठ मोडते. समोर तेच पान पडलं होतं. मी त्याच्या उभ्या पट्ट्या कापल्या, लावल्या, वरून काळं कातडं चढवलं. तशी सुरेख बांधणी माझ्या हातून पुन्हा झाली नाही. खुद्द पाद्रीसाहेबांनी ती चार लोकांना दाखवली.

दोन वर्षांनी मेहुणी वारली आणि साडभाऊ बोलायचेच थांबले. साहेबांनी प्रवचनात स्वतःचं काहीही घुसडावं, हे आपले समोर बघत बसलेले. एका दुपारी पुस्तक काखेत धरून दुकानात आले. बसले.

"ते पान ठेवलं असशीन कुठं," म्हणाले. "तिच्या हातचं घरात काईच नाई गा. मी तं कवा वाचलं बी नाई ते."

पान त्यांच्या काखेत होतं. पण तसं सांगितलं असतं तर मला माझी ती बांधणी फाडावी लागली असती. मी मान वर न करता म्हटलं, "रद्दीत गेलं. मानसाचं लिहिनं होतं, तुमीच म्हनलं."

"बराबर हाय," म्हणाले. उठले. उतरताना त्यांनी पायरीला हात टेकला. मला दिसलं. मी खळ ढवळत राहिलो.

त्यानंतर चार वर्षं ते दर रविवारी देवळात पुस्तक छातीशी धरून माझ्या पुढच्या बाकावर बसत. काळ्या कातड्यावर त्यांचा अंगठा फिरत असे. सांगायचं असतं तर हात लांब केला की झालं. पण सांगायचं म्हणजे आधी खोटं बोललो हे कबूल करायचं, आणि ते माझ्याच्यानं एकाही रविवारी झालं नाही.

गेल्या उन्हाळ्यात साडभाऊ गेले. मागं कोणी नाही, म्हणून पुस्तक माझ्याकडे आलं. मी पाठीवर ओलं फडकं ठेवलं, कातडं सोडवलं, पट्ट्या एकेक काढून पाटावर जुळवल्या. अर्ध्या तासाचं काम. शाई पुष्कळ फिकी झाली आहे. लेकरांची नावं लागतात. आणि लग्नाच्या रकान्यात, तारखेखाली, तिनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं आहे: "हे फार बोलतात. ऐकत बसावेसे वाटते."

मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. दुकानात कोणी नव्हतं. आता पुस्तक पुन्हा बांधायला म्हणून रोज बसतो, खळ करतो, आणि संध्याकाळपर्यंत ती वाटीतच वाळून जाते.