पायाळू शरणम्मा

सास्तूरच्या शरणम्माला लोक तिच्या पायावरून ओळखायचे. ती जन्मली तीच पायांकडून, म्हणजे पायाळू. कुणाच्या पाठीत उसण भरली, की तिचा पाय लावून घ्यायला माणूस थेट तिच्या ओसरीवर येऊन पालथा पडायचा. एरवी चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं इथं आपणहून पाठ पुढं करायची. म्हातारीला याचा तोरा होता, आणि तो चांगला भरघोस होता.

तिचा लेक रुद्रेश तेव्हा तापातून नुकताच उठला होता. सोयाबीनची रास झालेली, त्याला घरी बसवेना. पोती उचलताना छातीत कळ येतेय, दम लागतोय, म्हणत तो परत आला.

"उसण हाय," शरणम्मानं सांगून टाकलं.

"आत्या, तापानंतरचं दुखणं हाय. डॉक्टरला दाखवू की," सून गायत्री म्हणाली.

"माझ्याच लेकाची उसण डॉक्टरकडं? गाव हसंल मला."

रुद्रेश पालथा झाला. ओसरीवर आणखी दोघं खोळंबले होते. शरणम्मानं त्याच्या पाठीवर पाय टेकवला आणि तो तिथंच थबकला. तळव्याखाली काहीतरी धावत होतं, अडखळत होतं, थांबून पुन्हा धावत होतं. आजवर कुणाच्या पाठीत असं लागलं नव्हतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माणसं बघत होती.

"झालं. ऊठ."

"लई हलकं वाटलं, अव्वा," रुद्रेश म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. तसाच तो पोती उचलायला गेला.

शरणम्माला चहा गेला नाही. ती शेताच्या वाटेकडं कान लावून बसली. दुपारी मोटारसायकल आली ती रुद्रेशला दोघांच्या मध्ये धरूनच. त्याचे ओठ निळे पडले होते.

"तापामुळं हृदयाच्या स्नायूला सूज आलीय," धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं. "ओझं उचलायला नको होतं. छातीत दुखल्यावर लगेच का आणलं नाही?"

गायत्रीनं सासूकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि शरणम्माला तेच जास्त लागलं.

संध्याकाळी गावाकडची लक्ष्मम्मा भेटायला आली. काचेआड रुद्रेश निजला होता. निघताना तिनं कंबर धरली. "शरणम्मा, उसण भरलीय. एवढा पाय लावा की."

शरणम्मानं दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"दवाखान्यात आलीस न्हवं? डॉक्टरला दाखव."

तिची नजर काचेआडच्या यंत्राच्या पडद्यावर होती. तिथली हिरवी रेघ धावत होती, अडखळत होती, थांबून पुन्हा धावत होती. ही चाल तिच्या तळव्याच्या ओळखीची होती. रेघ पुन्हा अडखळली. या वेळी पुन्हा धावायला तिला जास्तच वेळ लागला.