वजन कोणत्या पायावर?

बस स्थानकात तिला सगळे चौकशीबाई म्हणत. खिडकीवर मोठ्या अक्षरांत ‘चौकशी’ लिहिलेलं आणि त्या खिडकीमागे ती इतकी वर्षं बसलेली, की तिचं खरं नाव विचारायची वेळ कोणावर आलीच नव्हती. ड्रायव्हर, कंडक्टर, झाडूवाल्या, वरचे साहेबसुद्धा चौकशीबाईच म्हणायचे. उत्तर देण्याची तिची एक पद्धत होती. फलाट कोणता, गाडी कधीची, यायची आहे की गेली. बस, एवढंच. “जरा नीट सांगा ना बाई” असं कोणी म्हटलं की ती तेच वाक्य पुन्हा, थोडं मोठ्याने सांगायची.

एका सकाळी ती पाण्याची बाटली भरायला खुर्चीवरून उठली आणि अख्खं ऑफिस तिच्याभोवती गरगर फिरलं. कपाट वर गेलं, पंखा खाली आला, आणि ती टेबलाची कड धरून मटकन खाली बसली. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की एका कानात आतल्या बाजूला सूज येऊन गेली आहे आणि तोल सांभाळणारी नस त्यात दुखावली आहे. गरगरणं थांबेल, पण तोल आपोआप पूर्वीसारखा होणार नाही, शरीराला तो पुन्हा शिकवावा लागेल. त्यांनी काही व्यायाम करून दाखवले आणि वर म्हणाले, “जरा बरं वाटलं की ताई ची शिका, तो चिनी व्यायाम. फायदा होईल. फक्त शिकवणारा नीट बघून घ्या.”

“कुठे शिकवतात?”

“ते आता तुम्हीच चौकशी करा.”

डॉक्टर विनोद करत नव्हते, म्हणून तर ती जास्त चिडली.

गरगरणं थांबलं खरं. पण चालताना जमीन स्पंजासारखी वाटायची. घरातल्या घरात भिंतीला हात लावून जावं लागे. स्थानकाच्या आवारात ती कठड्याला धरून चालायची, आणि मान एकदम वळवली की पाय भलतीकडेच पडायचा. एकदा रांगेतला एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, “सकाळी सकाळीच?” तिने ते ऐकलं. त्याला चुकीचा फलाट सांगावा असं फार मनात आलं, पण जीभ तयार होईना. बरोबर फलाट सांगितला आणि दिवसभर धुमसत बसली.

तिचा नवरा एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचा. जगातल्या कुठल्याही गोष्टीची कृती आपल्याला ठाऊक आहे, अशी त्याची ठाम समजूत होती.

“ताईची?” तो म्हणाला. “तुझ्या ताईची काय? काही वस्तू आणायची आहे का?”

“ताई ची. व्यायाम आहे तो. हळूहळू करायचा असतो.”

“मग ताईलाच सांग ना करायला.”

तिने कुकरचं झाकण असं आपटलं, की तो पुढचं बोलायचा थांबला.

थोरल्या जाऊबाई मात्र एकदम खूश झाल्या. त्या अशाच एका क्लासला जात होत्या. “अगं, आमच्याकडेच ये. आमचे मास्टर म्हणजे काय सांगू! नुसता आवाज ऐकला तरी माणूस शांत होतो.”

क्लास एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. खिडक्यांना जड पडदे, कोपऱ्यात मेणबत्त्या, आणि मधोमध पांढऱ्या सॅटिनच्या कपड्यांतले मास्टर. आवाज खरंच मऊ होता. इतका, की एका बिघडलेल्या कानाने तिला अर्धंच ऐकू येत होतं.

“आपण ढग आहोत,” मास्टर म्हणाले.

सगळ्या बायका ढग झाल्या. चौकशीबाईने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांचा एक पाय हलका झालेला दिसत होता, पण कोणाचा कोणता, ते काही कळेना.

“मास्टर, वजन कोणत्या पायावर ठेवायचं?”

“वजन विसरा.”

“विसरून पडले तर?”

“ढग पडत नाहीत,” मास्टर हसून म्हणाले. “पाठीमागे वळा. अलगद.”

ती अलगद वळली, आणि हाताला येईल ते धरलं. हाताला आला पडदा. पडदा आला, त्याच्यामागून दांडी आली, आणि दांडीचं टोक मेणबत्त्यांच्या तबकावर आदळलं. जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले. कोणाला लागलं नाही, काही पेटलंही नाही; पण मास्टर जवळ आले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमच्या मनात फार विरोध आहे.”

“माझ्या कानात बिघाड आहे,” ती म्हणाली. “आल्या आल्या सांगितलं होतं तुम्हाला.”

जिन्यात जाऊबाई म्हणाल्या, “काय गं तू! असं तोडून बोलतात का कोणाशी?” त्यानंतर बरेच दिवस त्या दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं होतं.

दुसरा क्लास जिममध्ये निघाला. शिकवणारा तरणाबांड, अंगात फार उत्साह. त्याच खोलीत त्याच्या आधीच्या तासाला नाच शिकवायचा आणि नंतरच्या तासाला बॉक्सिंग. तो सगळ्यांकडे तोंड करून उभा राहायचा, तोंडाने ‘डावा’ म्हणायचा आणि स्वतःचा उजवा उचलायचा. भिंतीवर आरसे होते, त्यात तो पाठमोरा दिसायचा आणि चौकशीबाई समोरून. कोणाचं बघून करायचं तेच कळेना.

“सर, वजन कोणत्या पायावर?”

“फ्लो सोडू नका, मॅडम! फ्लो!”

वळताना पाऊल जागच्या जागी राहायचं आणि गुडघा मात्र आत पिळला जायचा. दुखतंय असं तिने सांगितलं. तो अंगठा वर करून म्हणाला, “दुखतंय म्हणजे काम होतंय!” काम इतकं झालं, की गुडघा टम्म सुजला. मग एका कानाने आणि एका पायाने अधू झालेली चौकशीबाई खोक्यावर पाय ठेवून खिडकीत बसू लागली.

पुन्हा डॉक्टर. त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “शिकवणारा बघून घ्या म्हटलं होतं ना मी?”

“बघायचं म्हणजे काय बघायचं, ते नव्हतं सांगितलंत,” ती म्हणाली.

सूज उतरेपर्यंत नवऱ्याने सूत्रं हातात घेतली. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ शोधला, टीपॉय बाजूला सारला आणि चष्मा कपाळावर चढवून उभा राहिला. “सोपं आहे. मी सांगतो तसं कर. आता घोड्याची आयाळ बाजूला करायची.”

“घोडा कुठून आला?”

“नाव आहे गं ते त्याचं. हात असा... थांब, मागे घेतो. असा. नाही, हा खाली, हा वर.”

“आणि पाय?”

“पाय दिसत नाहीयेत. कमरेपर्यंतच दाखवलंय.”

“अहो, मला पायांचंच शिकायचंय!”

“तू आधी हात तर नीट कर! मी करून दाखवतो, बघ.” त्याने घोड्याची आयाळ बाजूला केली, टाच सतरंजीच्या कडेत अडकली आणि तो सोफ्यावर आडवा झाला. तशाच अवस्थेत म्हणाला, “सतरंजी चुकीची आहे.” तिला हसू यायला हवं होतं. पण तिचे डोळे भरून आले. साधं स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं तिला, आणि त्यासाठी जो भेटेल तो ढग आणि घोडे दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी तिने चौकशी केली, जशी करायला हवी तशी. डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून विचारलं, “माझ्यासारखा तोल गेलेला आणि ताई चीने खरोखर सुधारलेला एखादा पेशंट आहे का तुमच्याकडे? त्याला विचारा, माझ्याशी बोलेल का.” एक निवृत्त शिंपी निघाले. त्यांनी आपणहून फोन केला.

“आमच्या बाई शिकवतात चांगलं,” ते म्हणाले. “पण आधीच सांगतो, वैताग आणतात.”

एका शाळेच्या व्यायामशाळेत, शाळा सुटल्यावर तो वर्ग भरायचा. रबरी बुटांचा वास, भिंतीला टेकवून ठेवलेल्या गाद्या, वर एक सतत गुणगुणणारी ट्यूब. शिकवणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या, दिवसा कुठल्याशा कचेरीत भाषांतराचं काम करणाऱ्या. अंगात साधी पँट आणि कोपरावर विरलेला स्वेटर. त्यांनी चौकशीबाईला बाकावर बसवलं. “आज बघा फक्त.”

कामावरून थकून, दोन बस बदलून आलेल्या माणसाला ‘बघा फक्त’! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बसल्या बसल्या तिने पाहिलं, की या बाई स्वतः फार कमी करून दाखवत होत्या. त्या प्रत्येकाच्या मागे, बाजूला फिरत होत्या, आणि पायांकडे बघत होत्या.

वर्ग संपल्यावर त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली. कोणता कान? कधीपासून? गोळ्या कोणत्या? गुडघा कशाने गेला? अंधारात जास्त होतं का? प्रश्न विचारणारं कोणीतरी समोर असणं तिला नवीन नव्हतं, पण हे प्रश्न तिच्याबद्दल होते.

पुढच्या वेळी बाईंनी तिला भिंतीजवळ उभं केलं. “बोटं टेकवा भिंतीला. आता एका पायावरून दुसऱ्यावर जा. घाई नको.”

ती गेली. डुलली. आणि मनाची तयारी करून तिने विचारलं, “वजन कोणत्या पायावर?”

“आत्ता? उजव्यावर,” बाई म्हणाल्या. “पण सगळं नाही. थोडं डाव्यावर मागे राहिलंय, म्हणून डुलताय. ते आणा आधी, मगच डावा उचला. आणि गुडघा पावलाच्या बोटांकडे वळू दे, आत नको.”

चौकशीबाई बघतच राहिली. तिने राहिलेलं वजन आणलं. डावा पाय सुटा झाला, आणि ती डुलली नाही.

इथे सगळं सुरळीत झालं असं कोणी समजू नये. बाई पुढचं शिकवीनातच. आठवड्यामागून आठवडे गेले, तिचं आपलं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. शिंपीकाका हात फिरवत, वळत, अख्खा क्रम करायचे, आणि ही भिंतीशी उभी, शिक्षा झाल्यासारखी. एका संध्याकाळी ती फुटली.

“बाई, मला तुम्ही शिकवणार आहात की नाही?”

“शिकवतेय की.”

“हे? हे तर मी स्वयंपाकघरातपण करते आता!”

“करता? छान. भिंत न धरता?”

तिची बोटं भिंतीलाच होती.

“मग धरून करा,” असं म्हणून बाई शिंपीकाकांचा खांदा खाली करायला गेल्या.

घरी आल्यावर तिने ते सगळं नवऱ्याला साभिनय सांगितलं. तो म्हणाला, “सोडून दे मग.” त्यावर ती त्याच्यावरच उखडली, “कशाला सोडू? पहिल्यांदा कोणीतरी सरळ उत्तर देतंय!”

भिंत सुटली, वळणं सुरू झाली, आणि नवीनच त्रास निघाला. कंबर वळली की मान वळे, मान वळली की डोकं गरगरे. तिने विचारलं, “आधी डोळे वळवायचे की मान?”

बाई थांबल्या. एकदा स्वतः वळून पाहिलं, पुन्हा वळल्या. मग म्हणाल्या, “मला माहीत नाही. तुमच्या कानासाठी काय बरं, ते मला खात्रीने सांगता येणार नाही. विचारून सांगते.”

“कोणाला विचारणार?”

“माझ्या सरांना. मी अजून जाते त्यांच्याकडे शिकायला. आणि तुम्ही डॉक्टरांना विचारा. तोवर वळायचं नाही.”

तोवर वळायचं नाही! म्हणजे पुन्हा इकडून तिकडे. ती इतकी वैतागली, की परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईला तिने काही कारण नसताना सरकायला सांगितलं. पण रात्री जेवताना तिने नवऱ्याला तीच गोष्ट दोनदा सांगितली. “माहीत नाही म्हणाल्या. ठोकून दिलं नाही काहीतरी. इतकी वर्षं शिकवतात, तरी म्हणाल्या, विचारून सांगते.” नवरा भात कालवता कालवता थांबला. “असं कोण म्हणतं?” तो म्हणाला. स्वतः तर तो कधीच म्हणाला नव्हता.

पुढच्या वर्गाला बाई निरोप घेऊन आल्या. सरांचं म्हणणं, डोळे पुढे पळवू नका, समोर लांबवर नजर ठेवा आणि अंग वळेल तसं डोळ्यांनाही जाऊ द्या. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण आधी बसून करा. मग ती बाकावर बसून वळू लागली. त्यानंतर उभी राहून. फार हळू, फार थोडं.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. ती हातात चहाचा कप घेऊन आवारातून आपल्या खिडकीकडे निघाली होती. मागून एक गाडी रिव्हर्समध्ये आली. तिने मान वळवून पाहिलं, पाऊल जमिनीवरच राहिलं, चहा कपातच राहिला. ती तिथेच उभी, तो कप बघत राहिली. ड्रायव्हरने जोरात हॉर्न मारला आणि खिडकीतून ओरडला, “चौकशीबाई, आवरा की! गाडी लावायचीय!”

“लाव ना! फलाट मोकळाच आहे!” ती ओरडली, पण बाजूला झाली ती आपल्या चालीने.

त्या संध्याकाळी वर्गात शिरल्या शिरल्या तिने बाईंना सगळं सांगितलं. कप, गाडी, मान, सगळं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“कोणत्या बाजूला वळलात?”

“उजवीकडे.”

“बरं झालं. आज डावीकडचं घेऊ, ती बाजू कच्ची आहे तुमची.”

कौतुकाचा एक शब्द नाही! चौकशीबाईने बॅग बाकावर आपटली, चप्पल काढली, शिंपीकाकांकडे बघून ‘काय बाई आहे ही’ अशी मान हलवली, आणि जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली.