एका दिवसापुरते अनाथ

आमच्या पाळकसाहेबांचा फोन आला की मी आधी खुर्ची ओढून बसते. त्यांना सरळ मुद्द्यावर येता येत नाही. आधी सलाम, मग माझ्या गुडघ्यांची चौकशी, मग चर्चच्या मंडळीत कोण आजारी आहे ते, आणि सगळ्यात शेवटी काम. त्या दिवशी मध्येच माझ्या इंग्रजीची स्तुती सुरू झाली, तेव्हाच मी ओळखलं की परदेशातून कोणीतरी येतंय.

"बाई, पाहुण्यांची टीम आहे. पेठ तालुक्यातल्या मंडळ्यांना भेटी देणार, एक अनाथाश्रम बघणार. तुम्ही दुभाषी म्हणून चला."

"नेहमीचा भाऊ कुठे गेला?"

"त्याला प्रभूनं परदेशात सेवेसाठी बोलावलं."

हा भाऊ गेल्या टीमशी ओळख वाढवून तिकडे गेला होता आणि सध्या एका पेट्रोल पंपावर सेवा करत होता, हे त्याच्या आईनेच मला भाजीबाजारात सांगितलं होतं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर नाशिक रोडच्या घरात बसून भिंती बघत होते. म्हटलं, चला, आपणही थोडी सेवा करू. निदान डोंगर तरी दिसतील.

पाहुणे हायवेवरच्या हॉटेलात उतरले होते. सगळ्यांचे टी-शर्ट एकाच निळ्या रंगाचे, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'आशा'. इंग्रजीत अर्थातच, कारण आशा ज्यांना द्यायची त्यांना वाचता येण्याची गरज नव्हती. टीमचा प्रमुख तिशीतला, उंच, सतत हसरा. त्याच्या हसण्याला काही कारण लागत नसे. बाकी चार-पाच जण कॉलेजच्या वयाचे. त्यांच्यात एकटी वयस्क बाई होती, माझ्याच वयाची, निवृत्त नर्स. ती खिडकीशी बसली होती आणि फारसं हसत नव्हती. मला ती लगेच आवडली.

गाडीने शहर सोडलं तसा प्रमुख माझ्याकडे वळला. आवाज हळुवार करून म्हणाला, "तुमचा जुना धर्म सोडताना कुटुंबाने खूप त्रास दिला असेल ना?"

"माझ्या पणजोबांना दिला असेल," मी म्हटलं. "मला काही माहीत नाही. आमच्याकडे चार पिढ्या झाल्या. तुमचं कसं?"

"मी एकोणिसाव्या वर्षी एका शिबिरात प्रभूला भेटलो."

"अरे वा. म्हणजे तो आमच्याकडून निघून तुमच्याकडे आला."

तो हसला, पण या वेळी किंचित उशिरा. नर्सबाईंनी खिडकीबाहेर बघत ओठ दाबले.

पहिलं चर्च डोंगराच्या कुशीत होतं. पत्र्याचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन, माणसं खच्चून बसलेली. भाताची कापणी चालू होती, तरी लोक काम टाकून आले होते, कारण तसा निरोप गेला होता. प्रमुखाने प्रवचन केलं. त्यात बेसबॉलचा सामना होता. कोणी कोणता चेंडू टोलवला आणि कोणी कुठे धावलं, हे त्याने एवढ्या तपशिलात सांगितलं की माझं भाषांतर दुसऱ्याच मिनिटाला धापा टाकू लागलं. शेवटी मी क्रिकेटचा सामना लावून दिला. त्याच्या गोष्टीत शेवटी विश्वास जिंकला, माझ्या गोष्टीत भारत. टाळ्या जोरात पडल्या आणि प्रमुखाचे डोळे भरून आले. गाडीत तो सगळ्यांना म्हणाला, "या साध्या लोकांना वचनाची केवढी भूक आहे बघा."

दुपारी आम्ही अनाथाश्रमात पोचलो. फाटकावर 'वसतिगृह' अशी पत्र्याची जुनी पाटी होती आणि तिच्यावर कापडी फलक बांधला होता, इंग्रजीत, 'अनाथालय'. वाऱ्याने फलक वर उडाला की खालचं वसतिगृह दिसे. फलक पुन्हा खाली आला की मुलं पुन्हा अनाथ होत.

संचालकांना सगळे ब्रदर म्हणत. गोलमटोल, धावपळे, कपाळावर घाम. मुलं रांगेत उभी करून त्यांनी स्वागतगीत म्हणवून घेतलं. मग टीमने मूकनाट्य केलं. लुटारू वाटसरूला मारतात, दोघे जण बघून पुढे जातात, तिसरा मदत करतो. मुलांनी ते आधीच्या टीमांचं इतक्यांदा पाहिलं होतं की कुठे घाबरायचं आणि कुठे हसायचं ते त्यांना पाठ होतं. वाटसरू झालेला तरुण मार खाऊनही पडायचं विसरला, तर पुढच्या रांगेतून सूचना आली, "दादा, आता पडायचं."

मी याचं भाषांतर केलं नाही. तो आपणहून पडला.

मग मायेचा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक पाहुण्याने एकेक मूल जवळ घ्यायचं आणि बाकीच्यांनी फोटो काढायचे. नर्सबाईंच्या शेजारी दोन वेण्या घातलेली, चौथी-पाचवीतली एक मुलगी येऊन बसली. बाईंनी तिला मांडीवर वगैरे ओढलं नाही. तिच्या गुडघ्यावरचा खरचटलेला भाग नीट बघितला आणि मला म्हणाल्या, "तिला विचारता का, आईवडिलांची आठवण येते का? सांगायचं नसेल तर नको म्हणावं."

मी विचारलं. मुलीने आधी ब्रदरांकडे बघितलं. ब्रदर कॅमेऱ्याकडे बघत होते. मग ती म्हणाली, "बापाची येते. तो दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत गेलाय. आय तर हितंच हाय. ती काय, भाकऱ्या करते."

स्वयंपाकघराच्या दारातून धूर येत होता आणि एक बाई पदराआडून आमच्याकडे बघत होती. डोळे दोघींचे अगदी सारखे होते.

ब्रदर झटकन जवळ आले. हसत, दातांवर दात ठेवून मराठीत म्हणाले, "बाई, असं सांगा की स्वयंपाकीण तिला आईसारखी वाटते."

मी शाळेत तीस वर्षं चुकीच्या भाषांतराबद्दल मुलींचे गुण कापले होते. मी इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, वडील कामावर गेलेत आणि आई स्वयंपाकघरात आहे."

प्रमुखाचं हसू जागच्या जागी थांबलं. "भाषांतरात काही गडबड असेल," तो म्हणाला.

"शक्य आहे," मी म्हटलं. "आई या शब्दाला दुसरा अर्थ असला तर."

त्याने ब्रदरांना बाजूला नेलं, आणि मलाही, कारण भांडायलाही दुभाषी लागत होता. ब्रदर आधी गोंधळले, मग चिडले. "बाई, यांना विचारा, वसतिगृह म्हटलं असतं तर आले असते का? इथे पोरांचे आईबाप हंगामात बागांवर जातात. मग पोरं कुठे राहणार? शाळा कशी करणार? मी चार पत्रांत वसतिगृह लिहिलं, कोणी उत्तर दिलं नाही. पाचव्यात अनाथ लिहिलं, तर विमान भरून आले."

हे मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं, विमानासकट. प्रमुखाने फाटकावरच्या फलकाकडे बघितलं. मला वाटलं, आता याला काही समजलं. मग त्याने विचारलं, "पण एखादं तरी अनाथ असेल ना?"

होतं. ब्रदरांनी हाक मारली आणि आतून बारावीतली एक दणकट मुलगी आली. हातात जीवशास्त्राचं पुस्तक, कपाळाला आठ्या. आई-बाप दोघंही लहानपणीच गेलेले, अगदी हवं होतं तसं. पण ती हसेना, कोणाच्या कडेवर बसण्याएवढी लहान नव्हती, आणि फोटोचं नाव काढताच म्हणाली, "माझा अभ्यास आहे." एवढा प्रवास करून सापडलेला एकुलता एक खरा अनाथ, आणि तोही वार्तापत्रात शोभणारा नाही. प्रमुखाने तिच्या खांद्यावर हात ठेवून छोटी प्रार्थना केली आणि तिला सोडलं.

या सगळ्यात नर्सबाई कुठे दिसेनात. मी शोधत स्वयंपाकघरात गेले. त्या चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या. भाकऱ्या करणारी भिंतीला टेकून उभी होती, चेहरा उतरलेला.

"बाई," ती मला म्हणाली, "पोरीला नेणार का ह्या? मला पाहुणे असेपर्यंत आतच राहा म्हणून सांगितलं होतं. मी बाहेर नाय आले हो."

"नाही नेत," मी म्हटलं. "तुझी पोरगी तुझ्यापाशीच राहील."

नर्सबाईंनी विचारलं ती काय म्हणाली. मी सांगितलं. दिवसभरात पहिल्यांदाच मला भाषांतर करताना आवाज सांभाळावा लागला.  त्यांनी पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि तिला हात पुढे करायला सांगितला. एकदा मोजलं, पाच मिनिटं बसवलं, पुन्हा मोजलं. मग विचारलं, "डोकं दुखतं का?"

"चुलीपाशी सगळ्यांचंच दुखतं," ती म्हणाली.

"विचारा, चक्कर येते का."

येत होती. भात कापताना शेतात एकदा पडलीही होती, पण तो उन्हाचा परिणाम असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

बारावीतली ती मुलगी तोवर दारात येऊन उभी राहिली होती. यंत्राकडे बघत तिने अडखळत्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, वरचा आकडा म्हणजे काय?" नर्सबाईंनी तिला शेजारी बसवलं. पुढचा तासभर दोघींना माझी गरज फारशी लागली नाही. मी भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात बसले. बाहेर टीम टाळ्या वाजवत आशेचं गाणं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी टीमने आणखी एक मंडळी आणि द्राक्षांच्या मळ्यातली वायनरी बघितली. नर्सबाईंनी डोकं दुखतं असं सांगून गाडी चुकवली आणि मला घेऊन पुन्हा डोंगरात गेल्या. भाकऱ्या करणारीला आम्ही पेठच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या रोज घ्यायच्या हे मी तिला चार वेळा बजावलं आणि तिच्या मुलीला पाच वेळा. यंत्र नर्सबाईंनी बारावीवाल्या मुलीकडेच ठेवलं. परत येताना मला म्हणाल्या, "घरी गेल्यावर आमच्या चर्चमध्ये प्रवासाबद्दल बोलावं लागेल. काय सांगू?"

"एका बाईचा रक्तदाब मोजला म्हणा."

"त्याला कोणी टाळ्या वाजवणार नाही."

"मग मूकनाट्याचं सांगा," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या गाडीत इतक्या हसलो की ड्रायव्हरने आरशात बघितलं.

महिन्याभराने प्रमुखाचं वार्तापत्र आलं. त्यात दोन वेण्यांच्या मुलीचा मोठा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की तिला आता स्वर्गीय पिता मिळाला आहे. द्राक्षबागेतल्या पित्याचा उल्लेख जागेअभावी राहून गेला असावा.

तिच्या आईच्या गोळ्या चालू आहेत. मध्ये एकदा बरं वाटतं म्हणून तिने बंद केल्या होत्या, तेव्हा मुलीने तिला रागावून पुन्हा सुरू करायला लावल्या. बारावीवाली परीक्षेनंतर नाशिकला नर्सिंगला लागली. रविवारी उपासना झाली की ती माझ्याकडे जेवायला येते, होस्टेलच्या मेसला मनसोक्त शिव्या घालते आणि न विचारता माझ्या दंडाला पट्टा गुंडाळते.

"मावशी, मीठ कमी करा," ती आठ्या घालून सांगते.

मी हो म्हणते आणि तिच्या ताटात लोणचं वाढते.