आल्बर्टला हरवणारे हिरामणजी

हिरामणजींची आणि माझी पहिली भेट गोंदियाच्या इंजिन शेडमध्ये झाली, आणि ती काही गोड नव्हती. मी गोरेगावहून येऊन नुकताच फिटर म्हणून लागलो होतो. एक खलाशी, म्हणजे शेडमधला हरकाम्या मजूर, उन्हाने चक्कर येऊन कोळशापाशी कोसळला. मी काखेत हात घालून त्याला उठवू लागलो, तोच कुणीतरी माझे मनगट असे आवळले की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "त्याले उचलू नोको," हिरामणजी म्हणाले, "पडू दे तसाच." माणूस निर्दय दिसतो, असे मला वाटले. मग शेडमधल्या जुन्या मंडळींनी हकीकत सांगितली, तेव्हा कारण कळले.

हिरामणजी कटरे आज साठ वर्षांचे होत आहेत. सारा मुलूख त्यांना ज्या लढतीमुळे ओळखतो, तिचे नाव त्यांच्यासमोर कुणी काढत नाही. साठीच्या या गौरवग्रंथातही ते टाळायचे असेल, तर मग हारतुरे तरी कशाला?

रेल्वेच्या अँग्लो-इंडियन साहेबलोकांच्या क्लबात मुष्टियुद्धाच्या लढती होत. आल्बर्ट नावाचा ड्रायव्हर त्यांचा अजिंक्य वीर. एकदा नागपूरचा प्रतिस्पर्धी आलाच नाही, म्हणून गंमत म्हणून हिरामणजींना उभे केले. ते सालेकशाकडचे, आखाड्यात वाढलेले. साहेबलोक सरावाला ठोसे मारत, ती वाळूची थैली धरून उभे राहायचे, एवढाच त्यांचा या खेळाशी संबंध. साहेब हसत होते, आपली माणसेही हसत होती. तिसऱ्या फेरीत हिरामणजींचा उजवा ठोसा जबड्यावर बसला, आल्बर्टचे डोके मागे फळ्यांवर आदळले, आणि पंचाचे आकडे मोजून संपले तरी तो उठला नाही. इतका अनपेक्षित निकाल इथे पुन्हा कुणी पाहिला नाही.

पुढचे सारे आखाड्याच्या रीतीने झाले. आमच्याकडे हरलेल्याला मातीत पडू देणे हा त्याचा अपमान. जिंकणारा त्याला स्वतः उठवतो, छातीशी धरतो, लोकांपुढून फिरवतो. हिरामणजींनी आल्बर्टला उभे केले, खांद्याचा आधार देऊन चारही बाजूंना नेले. लोकांनी दोघांसाठी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी आल्बर्ट गेला. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागलेल्याला हलवायला नको होते, तसाच पडू दिला असता तर कदाचित वाचला असता. त्या 'कदाचित'ने हिरामणजींचे पुढचे आयुष्य खाल्ले.

शेडची मंडळी विजयाचे हार घेऊन त्यांच्या घरी गेली, तर हे आल्बर्टच्या विधवा आईच्या दाराशी बसलेले. तिने दार उघडले नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. तेव्हापासून आजतागायत सकाळी आधी त्या माउलीचे पाणी आणि लाकडे, मग स्वतःचे काम. पुढे त्यांनी आम्हा कामगारांना मुष्टियुद्ध शिकवले, कुणाला घरी जेवू घातले, कुणाच्या आजारपणात रात्री जागवल्या. स्वतः मात्र पुन्हा लढले नाहीत. एकदा मी न राहवून विचारले, तुम्ही तर त्याचा मानच राखला, मग स्वतःला का जाळता? ते म्हणाले, "ठोसा लढाईतला होता गा, त्याचं मले काही नाही. उचललो ते मायेनं उचललो. त्यातच तो गेला."



या समारंभाला ते तयारच होईनात. आल्बर्टची म्हातारी आई हो म्हणाली तर येतो, म्हणाले. साहेबलोक आता एकेक करून विलायतेला निघाले आहेत, पण तिकडे गेलेल्या लेकीने बोलावूनही ती मुलाची कबर सोडून गेलेली नाही. तिला विचारायला मी गेलो. तिने ऐकून घेतले आणि ले जाओ म्हणाली.

हिरामणजींना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असे आम्ही शिष्य मनापासून म्हणतो. पण मी निघताना तिने त्यांच्यासाठी जो निरोप दिला, त्यापुढे आमच्या शुभेच्छा फिक्या आहेत.

"माफ नहीं किया, करूँगी भी नहीं. मगर उसको बोलो, मेरे से पहले नहीं मरने का. मेरी मिट्टी को कंधा वही देगा."