आठ दिवसांत शिकलेली गाडी

मला मोटरसायकल चालवता येते, असं मी साहेबांना बेधडक सांगितलं तेव्हा मी आयुष्यात एकदाही क्लच दाबलेला नव्हता. नोकरी कपाशीवरच्या किडींची पाहणी करायची होती. नांदगाव खंडेश्वरच्या आसपासच्या गावांत हिंडायचं, शेतात उतरून झाडं तपासायची, बोंडांत किती अळ्या सापडल्या ते लिहून आणायचं. गाडी तेच देणार होते. कापसाचं तेव्हा काही खरं राहिलं नव्हतं. आमच्या घरी दोन वर्षं लागोपाठ पेरलेलं मातीत गेलं होतं, आणि पगाराची नोकरी समोर आल्यावर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

गाडी हातात यायला आठ दिवस होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. मूळचे बार्शीटाकळीचे, साठीला आलेले. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. रोज सकाळी बाजाराच्या मोकळ्या मैदानात त्यांनी मला आपल्या जुन्या गाडीवर शिकवलं. आठव्या दिवशी मी मैदानाला चार चकरा न पडता मारल्या आणि त्यांच्यासमोर येऊन ऐटीत थांबायला गेलो. गाडी दोन हात पुढं गेली ती गेलीच.

चाचा हसले नाहीत. म्हणाले, "चालवनं तुले आलं, थांबवनं नाही आलं. अजून महिनाभर मोठ्या रोडवर जाऊ नको. आन् मांगे कोनालेच बसवू नको. जबान दे."

मी जबान दिली. ती तीन दिवस टिकली.

माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. तिच्या पायांवर सूज होती आणि अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी तपासणीला बोलावलं होतं. आई-बाबा वावरात निंदणाला गेलेले. मी ताईला घेऊन स्टँडवर गेलो. एक बस आलीच नाही, दुसरी आली ती दारापर्यंत भरलेली, आणि कंडक्टरनं थांबण्याआधीच हात हलवला. ऊन चढत होतं. ताई एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभी होती. साहेबांनी दिलेली गाडी घरी दारात उभी होती. मी म्हणालो, "थांब, मी गाडी आणतो."

"तुले येते ना नीट?" तिनं विचारलं.

"चार महिने झाले शिकून."

ती चार दिवसांपूर्वीच सासरहून आलेली. तिनं खरं मानलं.

ती साडी सावरून एका बाजूनं बसली. बडनेऱ्याच्या दिशेनं निघालो आणि पहिला ट्रक बाजूनं गेला तेव्हाच मला कळलं की मैदान वेगळं आणि रस्ता वेगळा. ट्रक पुढं निघून गेला, पण त्याच्या वाऱ्यानं गाडी कडेला ढकलली. माझ्या हातांना घाम सुटला. मूठ ओली झाली. मागून हॉर्न वाजला की मान ताठ व्हायची, पण वळून पाहायची हिंमत नव्हती. ताईचा हात माझ्या खांद्यावर होता. आधी नुसता ठेवलेला, मग तिची बोटं सदऱ्यातून रुतायला लागली.

"हळू चालव नं, भाऊ."

"हळूच चालवून राहिलो."

परत फिरावं असं दोनदा मनात आलं. पण परत फिरायचं म्हणजे रस्त्याच्या मधोमध गाडी वळवायची, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. एका वळणावर कुणाचा तरी ट्रॅक्टर वावरातून निघून डांबरावर चढला होता आणि चाकांनी काळ्या मातीचा चिखल लांबवर ओढत नेला होता. मला तो दिसला. समोरून ट्रक येतानाही दिसला. मी घाबरलो आणि हँडल वळलेलं असतानाच पुढचा ब्रेक गच्च आवळला.

पुढचं चाक खालून कुणी काढून घ्यावं तसं गेलं. मी रस्त्यावर आडवा घसरत होतो आणि ट्रकचं मागचं चाक माझ्या पायांजवळून गेलं, इतक्या जवळून की त्याचे शिंतोडे तोंडावर उडाले. ट्रक थांबला नाही.

ताई रस्त्याच्या कडेला चिखलात बसली होती. डावा हात विचित्र लोंबत होता आणि उजवा पोटावर होता. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. मी गुडघ्यांवर तिच्यापर्यंत गेलो.

"ताई..."

"थांब. बोलू नको."

ती कान देऊन ऐकावं तशी बसली होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हालून नाही राह्यलं."

तेवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. उठून एखादी गाडी थांबवावी हेही सुचलं नाही. एक काळीपिवळी जीप आपोआपच थांबली. आत दाटीनं माणसं होती. बुरखा घातलेली एक वयस्कर बाई खाली उतरली. तिनं ताईला कितवा महिना ते विचारलं, दोन माणसांना सीटवरून उठवलं आणि ताईला कुशीवर निजवून तिचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. "कुछ नहीं हुआ बेटा, डर मत," असं ती म्हणत होती आणि मध्येच ओठातल्या ओठात काही पुटपुटत होती. मी मागं फळीवर लोंबकळत उभा होतो. मोटरसायकल चिखलातच राहिली.

दवाखान्यात नर्सनं पोटावर नळी लावली आणि कान टेकवला. एका जागी ऐकलं, नळी सरकवली, पुन्हा ऐकलं. पुन्हा सरकवली. पडद्याच्या फटीतून मी तिचा चेहरा बघत होतो. तिसऱ्या जागी तिनं डोळे मिटले, बोटानं ताल धरला.

"आहे," ती म्हणाली. "ठोके आहेत."

ताई तेव्हा पहिल्यांदा रडली.

ताईचं मनगट मोडलं होतं. पण अवेळी कळा सुरू होण्याचा धोका होता, म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. ताईनं कूस बदलली तरी मी नर्सला बोलवायला धावायचो. आई तिच्या उशाशी बसून होती. संध्याकाळी मोर्शीहून भाऊजी आले. त्यांनी ताईला पाहिलं, बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसले आणि विचारलं, "तुले गाडी शिकून किती दिवस झाले?"

"अकरा."

"तिले सांगतलं होतं?"

"नाई."

ते उठले आणि परत ताईजवळ जाऊन बसले. त्यांनी थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

दिवस भरल्यावर ताईला मुलगी झाली. सगळं ठीक होतं. आईनं तिचं बोटन् बोट मोजलं, हातपाय ओढून पाहिले, दोनदा पाहिले. मी दारातच उभा होतो.

अपघातानंतर गाडीला मात्र मी हात लावला नाही. पंधरा-वीस दिवस गावं पायी केली, एकदोनदा बैलगाडीतून. गाडीनं फिरायचं नसेल तर नोकरी सोड, असं साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं. मग एका सकाळी चाचा घरी आले. माझी गाडी त्यांनी परस्पर आणून दुरुस्त केली होती. "मी सांगतलं होतं" हे ते तेव्हाही म्हणाले नाहीत, नंतरही नाही. मैदानात त्यांनी काळी माती टाकून वर बादल्या ओतल्या, विटेनं रेघ ओढली.

"अथी थांबायचं. आधी हँडल सरळ, मंग ब्रेक. दोन्ही, हळूहळू."

"चाचा, मले भेव वाटते."

"वाटू दे. भेव असन तर हात हळू राहीन."

महिनाभर मी नुसता थांबायला शिकलो. पडलोही, चिखलात. मग हेल्मेट घेतलं. तेव्हा खेड्यांत कुणी घालत नसे. पारावरचे लोक ओरडायचे, "काहून बे, मडकं घालून चालला?" मी घालून जात असे. नोकरी टिकली, पुढं बरीच वर्षं गावं फिरलो. वावराच्या तोंडाशी डांबरावर चिखल दिसला की आजही मी गाडी जवळजवळ चालण्याच्या वेगावर आणतो.

ताईनं मला कधी दोष दिला नाही. भाची मोठी झाली, मोर्शीला गेलो की तिला मी शाळेत सोडायला नेत असे, तेव्हाही ताईनं अडवलं नाही. फक्त आम्ही वळणाआड होईस्तोवर दारात उभी राहायची. ती स्वतः मात्र माझ्या मागं पुन्हा कधी बसली नाही. माहेरी आली की निघताना तिला सोडायला मी गाडी काढतो, ती पिशवी उचलते आणि स्टँडकडे चालू लागते.

"तू जाय पुढं," ती म्हणते. "मी येतो बसनं."