शर्ट खुंटीवर होता

अपमान माझ्या आईचा झाला. यंदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गोंदियात, माजी सैनिकांच्या तपासणी शिबिरात. भरल्या खोलीत.

आम्ही चौघं गेलो होतो. बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून, अजून परेडवर असल्यासारखे ताठ. आई. माझी धाकटी बहीण, जन्मापासून बहिरी, डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली. आणि मी, पाचव्या महिन्याची गरोदर. प्रश्न एकच होता. फौजेत असताना बाबा वाळवंटातल्या एका प्रवेशबंदीच्या जागेवर किरणोत्सर्गी वाळू पिंपांत भरत होते. ती वाळू बहिणीच्या हातात उतरली का? माझ्या पोटात उतरेल का?

डॉक्टरसाहेबांनी बहिणीचा हात हातात घेतलाच नाही. कॉम्प्युटरवर बाबांच्या फौजेतल्या बिल्ल्याची नोंद बघून म्हणाले, "बिल्ला तो साफ है. कुछ नहीं लगा इनको." मग आईकडे वळले. "आप लोगों में रिश्तेदारी में शादी होती है ना? और ये पीते भी होंगे."

आई म्हणाली, "आमचं नातं नोतं साहेब. मी चिचगडची, हे मुर्रीचे. लग्नाआधी तोंडबी पाह्यलं नोतं."

"सब यही बोलते हैं."

बाहेर रस्त्यावरून मारबतीचा पुतळा चालला होता, गावाबाहेर नेऊन जाळायला. पोरं ओरडत होती, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. दारातला कंपाउंडर आमच्याकडे बघून म्हणाला, "माई, इनको भी ले जा."

खोली हसली. बाबांच्या बरोबरीचे जुने फौजीही हसले. बहिणीला ऐकू येत नाही. सगळे हसले म्हणून तीही हसली.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, वाळूत दिवसभर तुम्ही, मग बिल्ला साफ कसा?

"काऊन विचारून राहिली?"

"सांगा ना."

"बिल्ला शर्टाच्या खिशाले लावून देत. किती लागलं ते त्याच्यात उमटते म्हणत."

"मग?"

"मग काय. त्या उन्हात शर्ट घालून कोण वाळू भरते? उघडेच राहो आम्ही. शर्ट तंबूच्या खुंटीले. आन् बिल्ला हरवला तं सजा होती, पोरी. जिवापाड जपला."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यायनं. एकाचाही हरवला नाही."

हे ते अभिमानाने सांगत होते.

म्हणजे तपासला गेला तो खुंटीवरचा शर्ट. माझा बाप नाही.

वाळूमुळेच झालं असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि तेच भयंकर आहे. पण 'माहीत नाही' आणि 'काही लागलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी. साहेबांनी पहिलीच्या जागी दुसरी ठेवली. मग कारण कमी पडलं, तिथे 'आप लोगों में' म्हणत आमची जात भरली.

मला भीती वाटते. सोनोग्राफीच्या टेबलावर मी विचारलं, बाळाची बोटं दिसतात का. मॅडम म्हणाल्या, मूठ मिटलेली आहे. पुढच्या वेळी पुन्हा विचारलं. पुन्हा मूठ मिटलेली. भात कालवताना मी आता माझीच बोटं बघत बसते.

पुढच्या शिबिराला आम्ही परत गेलो. तेच साहेब, तोच कंपाउंडर. मी बिल्ल्याचं सांगितलं. म्हटलं, आता माणूस तपासा. आम्हालाही तपासा.

"बाहर बैठो."

"नहीं बैठूंगी," मी म्हटलं, आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले.

तेव्हा बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढला. साहेबांच्या मागच्या खुंटीला अडकवला. उघड्या अंगाने उभे राहिले. "असा होतो मी. बिल्ला तिकडं होता."

"शर्ट पहनो. लेडीज बैठी हैं."

"ते माझीच पोरगी होय."

या वेळी कोणी हसलं नाही. तपासणीही झाली नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत, दर शिबिराला, माझं पोट घेऊन, मग लेकरू घेऊन. मूठ उघडेल तेव्हा उघडेल. मी तोवर थांबणार नाही.

तुमच्या घरात, गल्लीत असं काम केलेला जुना फौजी असेल. आज त्याच्याजवळ बसा आणि विचारा, काम करताना शर्ट अंगात होता का? नव्हता म्हणाला, तर त्याला घेऊन त्या दारात माझ्या शेजारी उभे राहा.