बाभळीला टांगलेला मातीचा शेठ

आधी अक्काचं लिहितो, मग बाकीचं. ती नसती तर बाकीचं लिहायला मी लातूरकडं राहिलोच नसतो.

अक्का माझ्या नात्यातली नव्हती. उदगीरकडची बाई, पान खाऊन दात लाल झालेले, बोलता बोलता मधेच कानडी शब्द टाकणारी. लातूरच्या बाहेर, वीटभट्टीच्या समोर, बाभळीखाली तिचं चहाचं खोपट होतं आणि खोपटात छऱ्याची एक बंदूक होती. नवरा होता तोवर दोघं जत्रांमधून फुगे फोडायचा पडदा लावत फिरायची. नवरा गेला, दुष्काळानं जत्राही ओसरल्या, तेव्हा तिनं पडदा आणि बंदूक घेऊन ट्रकवाल्यांच्या वाटेवर बस्तान मांडलं. तिनं मला भाकरी दिली, सावली दिली आणि एका दुपारी आपलं अख्खं दुकान माझ्यासाठी पणाला लावलं. कामून लावलं, ते मला आजही नीट उमगलेलं नाही.

मी बिलोलीकडचा. सातवीत शाळा सोडली आणि घरच्यांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला लागलो. मिसरूड फुटलं तोवर तेही काम बंद पडलं. कोणीतरी सांगितलं, लातूर नवा जिल्हा झालाय, कचेऱ्या, क्वार्टर, बंगले बांधून राहिलेत, विटा पुरत नाहीत. मी निघालो. भट्टीवर कच्च्या विटा वाहायचं काम मिळालं. ही जागा गेली तर परत जायला घर होतं, पण घरात माझ्या वाट्याची भाकरी नव्हती. म्हणून मी तिथं पाय मोजून टाकायचो. कोणी हाक मारली तरी आधी वाटायचं, काय चुकलं?

भट्टीचं आणि पावसाचं वैर सगळ्यांना ठाऊक असतं. मृग लागला की भट्टी बंद, ही रीत. त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या चालल्या आणि भट्टीचा धूर काही थांबेना. शेजारच्या गावात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसायच्या, आणि इकडं आम्ही माती कालवायला पाणी ओतायचो. रस्त्यानं जाणारा माणूस आमच्याकडं बघायचा नाही, आमच्या हाताकडं बघायचा. गावात बोलणं सुरू झालं होतं, की भट्टीवाल्यांनी मंत्र घालून पाऊस बांधलाय. असं बोलणं प्रत्येक दुष्काळात प्रत्येक भट्टीवर येतं. फक्त कोणी बांधला, त्याचा माणूस सापडायचा असतो.

अक्काच्या पडद्याची गोष्ट अशी, की फुगे उन्हात टिकेनात. सकाळी भरलेले फुगे दुपारपर्यंत आपोआप फटाफट फुटायचे. अक्का म्हणायची, "सूर्यच लई नेमबाज झालाय. त्याच्याकडून पैसे कोण घेणार?"

ट्रक भरून गेला आणि दुसरा यायचा असला की मला मोकळा वेळ असायचा. एकदा तिचे फुटके उडदाचे पापड मी विटांच्या फटीत उभे करून दिले. छर्रा लागला की पापडाचे तुकडे कर्र करून उडायचे आणि कावळे ते वेचायचे. ड्रायव्हर लोक खूश झाले. मग मला नादच लागला. बोराएवढ्या मातीच्या गोळ्या राखेत बुडवून ओळीनं मांडल्या. तपकिरीच्या डब्यांची झाकणं सायकलच्या रिंगला बांधली आणि रिंग बाभळीला खिळ्यावर अडकवली. वारा आला की रिंग फिरायची, नेम बसला की झाकण टण्णकन वाजायचं. काडीपेटीची काडी विटेत उभी करून नुसता गूल उडवायचा, यात एका क्लीनरचा अख्खा दिवस गेला आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या ते वेगळंच. सगळ्यात अवघड होता दोरा. दोऱ्याला मातीचा खडा टांगायचा, खड्याला धक्का न लावता दोरा तोडायचा. तो फक्त अक्काला जमायचा. मागं कच्च्या मातीचा ढीग होता, छर्रे त्यात रुतायचे. संध्याकाळी ती माती चाळून मी ते वेचायचो.

मग मी एक बाहुला केला, शेठ. भट्टीच्या मातीचा, मोठ्या पोटाचा, काड्यांच्या हातांचा. तोंडाला राख, अंगाला विटेचा भुगा. गळ्यात दोरा बांधला तर ओली माती कापून मुंडकंच पडायचं, म्हणून जाड पायांना दोरा बांधून उलटा टांगायला लागलो. दोरा काळा, कारण फुगे बांधायचं अक्काचं रीळ काळं होतं. उलटा शेठ वाऱ्यावर मस्त झुलायचा. ड्रायव्हर ट्रकमधूनच ओरडून विचारायचे, "आज शेठ हाय का?"

आता लिहिताना अंगावर काटा येतो. काळा दोरा, लाल अंग, पांढरं तोंड, उलटी बाहुली, बाभळीचं झाड, आणि समोर भट्टी. कोणाच्याही आईनं बघितलं असतं तर तोंडात बोट घातलं असतं. मला कसं सुचलं नाही? आमच्या घरात देव्हारा नव्हता, बुद्धाची तसबीर होती. तिठ्यावर कोणी उतारा टाकला की आमच्या वस्तीची पोरं त्यातला नारळ उचलून खोबरं खायची. भीतीची ती वळणं मला शिकवलीच नव्हती कोणी.

एके दुपारी ढग भरून आले. गावातली माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली. आणि इकडं दोन ड्रायव्हर पैज लावून शेठवर छर्रे मारत होते. वारा सुटला, ढग फाटले, निघून गेले. माणसं आकाशाकडं बघायची थांबली आणि बाभळीकडं बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी चहाला एक अनोळखी माणूस आला. चहा घेतला नाही.

"गाव कोणतं तुझं?"

"बिलोलीकडं."

"तिकडं तेलंगणातले जाणकार लई असतात म्हणं."

"मला न्हाई माहीत."

"कोणाच्यातला तू?"

मी सांगितलं. तो बाहुलीकडं बघत राहिला आणि उठून गेला.

त्याहून वाईट म्हणजे मुकादम. आमचा मुकादम भट्टीचं सगळं बघायचा, कधी नीट बोलायचा नाही. त्यानं मला विटांच्या थप्पीमागं बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवला. तिथंच मला शक आला.

"खरं सांग, येतं का तुला ते?"

"काय?"

"भोळा नको बनू. येत असलं तर अजून महिनाभर बांधून धर. एक भट्टी भाजून निघाली की झालं. शेठला सांगून तुला पगारावर घेतो."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. बिलोलीकडं माझा बाप ढगाकडं बघत बसला असेल आणि इथं मला ढग अडवायची नोकरी सांगून राहिले. ट्रक भरून परत आलो तर मुकादम अक्काच्या खोपटात बसून तिच्याशी हळू बोलत होता. मला बघून दोघं गप्प झाली. त्या रोजी अक्कानं मला एक भाकरी जास्त वाढली. घास गिळताना मी हिशेब जुळवला. हिनंच मुकादमाला सांगितलं असणार, की पोरात गुण हाय. नाहीतर फुकट कोण कोणाला जेवू घालतं? उद्या काही झालं तर ही म्हणेल, मला काय ठाऊक, त्या परक्या पोरानं टांगलं.

ते उद्या लगेच आलं. गावातली दहापंधरा माणसं काठ्या घेऊन दुपारी बाभळीपाशी उभी राहिली. पुढं एक म्हातारे, सगळे त्यांना आबा म्हणत होते. झाडापासून जरा लांबच थांबले सगळे.

आबा म्हणाले, "हे कोणी टांगलं?"

मुकादम थप्पीमागं उभा होता, पुढं आला नाही. मी अक्काकडं बघितलंच नाही. ती काय बोलणार ते मला ठाऊक होतं.

"दुकान माझं," अक्का म्हणाली, "तर टांगलेलं बी माझंच. काय म्हणणं हाय?"

मी मान वर केली. ती चहाची गाळणी झटकत होती.

"काढ ते," आबा म्हणाले.

मी झाडाकडं निघालो तर मागून कोणीतरी ओरडलं, "त्याला हात लावू देऊ नका. उलटं पडंल."

"मग तुम्ही काढा," अक्का म्हणाली.

कोणी हललं नाही.

"आता बघा," अक्का म्हणाली. "आम्ही काढायचं न्हाई, तुम्हाला काढवत न्हाई. म्हणजे ते तिथंच राहणार. असं करा, हात लावूच नका. फोडा." तिनं बंदूक मधून वाकवून उघडली, छर्रा भरला आणि दस्ता आबांच्या पुढं धरला. "माझा नवरा असता तर तुमच्याकडून पैसे घेतले असते."

एका तरण्या माणसानं ती घेतली. नेम चुकला. दुसऱ्याचा चुकला. तिसऱ्याचा छर्रा पार शेतात गेला. शेठ आपला झुलत होता. मी तो मुद्दाम अवघड केला होता ना.

"बघितलं? छर्रा वळतोय त्याच्यापाशी," कोणीतरी म्हणालं. काठ्या हातात घट्ट झाल्या. जितके चुकतील तितकी माझी विद्या मोठी होत चालली होती.

अक्का माझ्याकडं वळली. "उभा कामून राहिलास? आबांना शिकव की."

'कामून' ही माझी बोली, ती तिनं मलाच लावली. मी पुढं झालो. आबांनी बंदूक घेतली होती, नळी हलत होती. मी म्हणालो, "आबा, हात लावू का?" ते क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मी कोणाच्यातला ते त्यांच्या कानावर गेलंच असणार. मग त्यांनी कोपर थोडं वर केलं. मी खाली तळहात दिला. म्हाताऱ्याचं कोपर वाळल्या फांदीसारखं हलकं होतं.

"नळीच्या टोकाची ही माशी त्याच्या पोटावर धरू नका," मी म्हणालो. "तो झुलतोय. झोका टोकाला गेला की थांबतो. तिथंच माशी धरून ठेवा. श्वास सोडा. घोडा वढू नका, हळू दाबा."

"चुकला तर?"

"चुकला तर मला मारा. पण आधी श्वास सोडा."

मागं कोणीतरी हसलं. शेठ गेला, आला, टोकाला थांबला. फट. पोट फुटून माती खाली पडली. दोऱ्याला नुसते पाय राहिले.

कोणी पुढं जाईना. शेवटी आबाच वाकले. ढेकळं हातात घेऊन चुरली, वास घेतला. केस, सुई, काय सापडतंय ते सगळे मान लांब करून बघत होते. निघाली एक गवताची काडी.

"भट्टीची माती हाय," आबा म्हणाले. मग पायांकडं बोट करून, "ते बी पाडू का?"

त्या दिवशी मी करून ठेवलेले बाकीचे शेठही टांगले आणि ते सगळे गावानं पाडले. काठ्या झाडाला टेकवून रांग लावली. अक्कानं मध्येच सांगितलं, की आता चहा घ्यावा लागंल, बंदूक थंड होऊ द्या. पण जाताना एकजण म्हणालाच, "बाहुलीत काही नसंल. बंदुकीच्या आवाजानंच ढग पळतात." शक असा असतो. एका डोक्यातून काढला की दुसऱ्यात जाऊन बसतो.

मुकादमाच्या डोक्यात तर तो उलटाच बसला. संध्याकाळी तो म्हणाला, "फोडलंस ना सगळं? आता पाऊस आला आणि कच्च्या विटांचा चिखल झाला तर तुझा बाप भरून देणार?" दुसऱ्या दिवशी भट्टीवर मला काम नव्हतं. गावानं मला पाऊस बांधला म्हणून धरलं होतं, भट्टीनं पाऊस सोडला म्हणून काढलं.

मी बोचकं बांधलं. दुपारी एक ठेकेदार चहाला थांबला, नव्या क्वार्टरचं काम होतं त्याचं. ती त्याला म्हणाली, "ह्याला सामानावर राखणीला ठेव. नजर चांगली हाय." तो म्हणाला, "इमानदार हाय का?" अक्का म्हणाली, "लई शकी हाय. राखणदार शकीच असावा." तेव्हा मला कळलं, की माझ्या मनात काय चाललंय ते तिला पहिल्यापासून दिसत होतं. मुकादम तिच्याशी काय बोलत होता, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

पाऊस त्यानंतर कधी आला, ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी त्याचा संबंध बाहुल्यांशी लावेल.

त्या राखणीवर माझं बस्तान बसलं, घरी चूल पेटती राहिली. जत्रा भरायला लागल्या तशी अक्का पडदा गुंडाळून निघून गेली. निघताना बंदुकीची स्प्रिंग ढिली झाली होती. ती म्हणाली, "माझ्यासारखीच झाली ही, दाबलं की दमते." मला तेव्हा साधं बरं म्हणून दोन शब्दही बोलता आले नाहीत. अजूनही मनाच्या एका कोपऱ्यात होतं, ही शेवटी काहीतरी मागंल. तिनं मागितलं नाही.

आता ऐकतो, ती देगलूरकडं भाचीजवळ असते. खरं खोटं माहीत नाही, पण एकदा जायचं आहे. बंदुकीला नवी स्प्रिंग नेणार आहे, आणि जत्रेच्या दिवसांत तिच्या पडद्यापुढं बसून सगळे निशाणे मी मांडणार आहे, तिनं नुसतं सावलीत बसायचं. मला बघून ती आधी डोळे बारीक करील आणि विचारील, "काय पाहिजे रं तुला?" करू दे शक. तिला तो हक्क आहे. तिचं माझ्यावर आहे ते एक दिवस मी फेडीन.